विसमितेचे दान : एक प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटात एक स्तूप आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली इथे मिळून उत्खनन केले, तेव्हा तो उजेडात आला. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिले. स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर निघाला. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरचा आहे, यावरून पवनीच्या स्तूपाचा आवाका कळावा. त्याच्या भोवतीच्या दगडी कठड्याच्या तुकड्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. त्यांत एक नाव विसमितेचे आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात केव्हातरी या बाईने स्तूपासाठी दान दिले आणि हे दान सर्व जीवांच्या सुखासाठी होवो, एवढी इच्छा दगडावर लिहवून घेतली. तिची श्रीमंती, तिचे घराणे, तिला गावात असलेला मान यांविषयी आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही. दोन हजार वर्षांनंतर आपल्यापर्यंत पोचले ते तिचे नाव, तिने काहीतरी दिले ही गोष्ट, आणि ते कोणासाठी दिले हे.

या पुस्तकाची सुरुवात त्या दगडापाशी होते. पुस्तकाचा विषय मात्र पुरातत्त्व नाही. समाजाने यश म्हणून जे ठरवून दिले आहे ते हाती आले नाही, किंवा येऊनही अपुरे वाटले, अशा माणसांनी आपले सामर्थ्य कुठून आणले आणि जगण्याचे कारण कशात शोधले, हा माझा विषय आहे. पवनीपासून फार लांब न जाता मला हा प्रश्न पाहायचा होता. वैनगंगेच्या काठची ही झाडीपट्टी, शेजारचे उमरेड, पलीकडचे नागपूर, थोडे पुढे वर्ध्याजवळचे पवनार, एवढ्याच मुलखात या प्रश्नाची इतकी उत्तरे दडलेली आहेत की बाहेर जाण्याची गरज पडली नाही.

हा प्रश्न आमच्या गावात रोज विचारला जातो, फक्त दुसऱ्या शब्दांत. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे येणाऱ्या एसटीत सणावाराला तरुण मुलांची गर्दी असते. कोणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, कोणी तलाठ्याच्या परीक्षेची, कोणी एमपीएससीची. मुलगा घरी पोचतो न पोचतो तोच शेजारचे कोणीतरी त्याच्या देखत बापाला विचारते, "लागला का जी पोरगा कुठं?" बाप म्हणतो, "नाही जी, तयारी चालू आहे." मुलगी असेल तर प्रश्न बदलतो. "जमलं का जी पोरीचं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. ज्या घराला चार एकर धानाच्या बांधीवर आणि पावसाच्या लहरीवर वर्ष काढावे लागते, त्या घरात एक पगार आला तर औषधपाणी होते, धाकट्यांची शिक्षणे होतात, सावकाराच्या दारात जावे लागत नाही. तेव्हा नोकरीची इच्छा धरणाऱ्या मुलाला मी तुच्छ लेखणार नाही. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी दुसऱ्याला वैराग्य शिकवू नये, हे मी या पुस्तकाच्या आरंभीच सांगून ठेवतो.

पण 'लागला का'चे उत्तर पाच-सहा वर्षे सतत 'नाही' असेच येत राहिले, तर त्या मुलाचे काय होते ते मी पाहिले आहे. तो पारावर बसत नाही. लग्नकार्याला जात नाही. गेलाच तर पंगत उठायच्या आधी निघतो. त्याच्या अंगात कष्टाची ताकद असते, वाचलेले असते, आजीला दवाखान्यात नेणारा तोच असतो, शेजारच्या पोरांची गणिते सोडवून देणाराही तोच असतो. यातले काहीही मोजले जात नाही. मोजमाप दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्यावर एकच रकाना आहे. माणसाचे सामर्थ्य म्हणताना मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. आपल्या आयुष्याची किंमत ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवणे, आणि त्या किमतीचा संबंध आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी जोडणे. यातले पहिले जमले आणि दुसरे राहिले तर माणूस हटवादी होतो. दुसरे आधी करायला गेला आणि पहिले नसले, तर तो कोणाच्या तरी मागे झेंडा घेऊन फिरतो. पुढच्या प्रकरणांत जी माणसे भेटतील त्यांना दोन्ही साधले, आणि ते साधताना त्यांना काय सोसावे लागले तेही मी लिहिले आहे.

पवनीत यशाची एक फार जुनी गोष्ट सांगतात. इथे पवन राजा होऊन गेला. पवनीपासून पवनारपर्यंत त्याचे नाव निघते. त्याच्याजवळ परीस होता म्हणे. शेतकऱ्यांकडून तो साऱ्यापोटी लोखंडी फाळ घेई आणि त्याचे सोने करी. लहानपणी ही गोष्ट ऐकताना सगळ्यांचे लक्ष सोन्याकडे असते. मोठेपणी मला फाळाचा विचार येऊ लागला. फाळ दिल्यावर त्या शेतकऱ्याने नांगरले कशाने? गोष्टीत याचे उत्तर नाही, कारण गोष्ट राजाची आहे. आपल्या यशाच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. सोने दिसते, आणि त्यासाठी कोणाचा फाळ गेला ते सांगायचे राहून जाते.

पवन राजा दंतकथेतला. खरे राजेही पवनीच्या दगडांवर आहेत. भार वंशातल्या भगदत्त राजाचा लेख इथे मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. महाक्षत्रप रूपिअम्म याच्या नावाचा स्तंभही इथलाच. महाक्षत्रप ही केवढी मोठी पदवी! आज पवनीच्या बाजारात शंभर माणसांना विचारा, रूपिअम्म कोण ते एकही सांगू शकणार नाही. विसमिताही कोणाला माहीत नाही, हे खरे आहे. तरी दोघांत एक फरक मला जाणवतो. रूपिअम्माच्या दगडावर आपण त्याचे पद वाचतो. विसमितेच्या दगडावर तिची इच्छा वाचतो. ते पद आज कुणाच्या उपयोगाचे नाही. ती इच्छा मात्र आज कोणीही आपली म्हणून उच्चारू शकतो, तीत बदल करावा लागत नाही.

या कठड्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या विचाराचा पाया तिथे आहे. स्तूपाभोवतीच्या कठड्याला वेदिका म्हणतात. उभे स्तंभ, त्यांच्यामध्ये बसवलेल्या आडव्या सूची आणि वरून टेकवलेले उष्णीषाचे लांब दगड, अशी तिची रचना. सांची आणि भारहूतप्रमाणे पवनीतही हे काम अनेकांच्या दानातून उभे राहिले. कोणाचा स्तंभ, कोणाची सूची. दान देणाऱ्यांत संघातले लोक आहेत, गृहस्थ आहेत, स्त्रिया आहेत. पाच निकाय जाणणारा नाग नावाचा एक विद्वानही आहे. ब्राह्मीत त्याचे नाव लिहिणे सोपे असते. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ काढली की न होतो, तिच्या माथ्यावरून उजवीकडे छोटी रेघ ओढली की ना. पुढे घराच्या छपरासारख्या दोन उतरत्या रेघा, तो ग. शाळेतल्या मुलांना फळ्यावर ही दोन अक्षरे दाखवली तर ती तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतात आणि मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव मोठ्याने वाचतात. मला त्या क्षणाचे फार महत्त्व वाटते. तो दगड सरकारचा, विद्यापीठाचा, संग्रहालयाचा राहत नाही, त्या मुलांचा होतो.

याच कठड्याच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे आणि त्याचे नावही लिहिलेले आहे. बुद्धाला ज्ञानप्राप्ती झाल्यानंतरच्या दिवसांत वादळ-पाऊस आला, तेव्हा या नागराजाने त्याच्यावर फणा धरला, ही ती कथा. त्या काळात बुद्धाला मानवी रूपात दाखवत नसत. म्हणून नागाचा फणा आहे, त्याखाली आसन आहे, आणि आसनावर कोणी नाही. राजपुत्र म्हणून जन्मलेला एक माणूस सिंहासन सोडून जातो आणि त्याचा आदर करणारे शिल्पकार आसन रिकामे ठेवून तो दाखवतात. यशाची सगळी खूण जिथे बसण्याच्या जागेवरून ठरते, त्या जगात ही केवढी धाडसी कल्पना होती याचा आपण पुरेसा विचार करत नाही.

विसमितेचे दान किती मोठे होते? आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. पण तिने आपले नाव घातले. आजही पवनी तालुक्यात आषाढात रोवणी सुरू झाली की बायका गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, मागे मागे सरकत परे लावत जातात. एका हातात पऱ्यांची जुडी, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे चिखलात जातात, रोप उभे करतात आणि पुढच्या रोपाकडे वळतात. दिवस मावळेपर्यंत अख्खी बांधी हिरवी होते. त्या बांधीच्या सातबाऱ्यावर त्यांच्यापैकी किती जणींचे नाव असते? ज्या मुलखात इतक्या प्राचीन काळी एक बाई स्वतःच्या नावाने दान देऊ शकत होती, तिथे आज स्वतःच्या कष्टाच्या जमिनीवर बाईचे नाव बहुतेक वेळा लागत नाही. तेव्हा आध्यात्मिक सामर्थ्याविषयी बोलताना नावाचा, मालकीचा, निर्णयाचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. जे स्वतःचे आहे तेच देता येते.

आता मी पुस्तकातल्या सगळ्यांत मोठ्या प्रकरणाकडे येतो. ते १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीविषयी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून उभे राहिले आणि नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष त्या घटनेखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत हरले. ते राज्यसभेवर गेले, पण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात बसण्याची त्यांची इच्छा कायम होती. १९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक लागली. हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे राहिले. प्रकृती ढासळलेली होती, मधुमेहाने पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. विदर्भातला वैशाख म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. निकाल लागला तेव्हा राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना मिळाली आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब दुसऱ्यांदा हरले होते, आणि आपल्या भंडाऱ्याने त्यांना हरवले होते.

जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी या निवडणुकीची एक हकिकत चालत आलेली आहे. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवायचे, म्हणजे आपल्या उमेदवाराचे पारडे जड राहील, अशी युक्ती काही जणांनी सुचवली होती. 'मत कुजवणे' हा त्यासाठीचा त्यांचा शब्द. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला, असे सांगतात. ज्याने मताचा अधिकार लिहिला त्याने लोकांना मत वाया घालवायला कसे सांगायचे, हरलो तरी चालेल, असा त्यांच्या नकाराचा अर्थ होता. ही तोंडी आठवण आहे आणि मी ती आठवण म्हणूनच देतो. तरी तिच्यात जो माणूस दिसतो तो त्यांच्या लिखाणात आणि वागण्यात सर्वत्र दिसणाऱ्या माणसाशी जुळतो. निवडणूक जिंकणे हा त्यांचा हेतू होता, ते त्यांचे माप नव्हते.

यानंतर धम्मदीक्षेपर्यंत अडीच वर्षेही गेली नाहीत. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम आजारपणातही चालू राहिले. तो छापून आला १९५७ साली, त्यांच्या मागे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चंद्रपूरला पुन्हा तसाच सोहळा झाला. ६ डिसेंबरला ते गेले. भंडाऱ्यात त्यांना निवडून यायला पुरेशी मते पडली नव्हती. त्याच भंडाऱ्याच्या गावागावांतून माणसे, बायका, लेकरे भाकऱ्या बांधून दीक्षेसाठी नागपूरच्या वाटेला लागली होती. लोकसभेच्या एका जागेपेक्षा किती मोठी गोष्ट त्या दिवशी घडली, हे मोजण्याचे माप निवडणूक आयोगाकडे नाही.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी नागपुरात जे भाषण केले ते या पुस्तकाच्या विषयावरचे मराठीतले सर्वांत थेट भाषण आहे असे माझे मत आहे. मेलेली गुरे ओढणे महारांनी बंद केले, तेव्हा कोणीतरी वर्तमानपत्रात हिशेब मांडला होता. कातडे, शिंगे, खुर, हाडे यांचे मिळून वर्षाला पाचशे रुपये बुडतील, आंबेडकर गरिबांचे नुकसान करत आहेत. बाबासाहेबांनी हा हिशेब भर सभेत सांगितला आणि हिशेब मांडणाऱ्यालाच विचारले की एवढा फायदा आहे तर तो तुम्ही का घेत नाही. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. पाचशे रुपये त्या काळात थोडे नव्हते. ज्यांनी ते सोडले त्यांच्या घरात ते दुसऱ्या वाटेने आले, असेही नाही. गावकीची कामे गेली, काही ठिकाणी बहिष्कार आला, विहिरीवरून भांडणे झाली. ती किंमत देऊन त्यांनी स्वतःविषयीचे स्वतःचे मत विकत घेतले. यशाच्या रूढ व्याख्येबाहेर पडणे म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने १९५६ नंतरच्या या खेड्यांकडे पाहावे. तिथे ते एकट्या साधकाने गुहेत केलेले नाही. अख्ख्या वस्तीने, पोराबाळांसकट, भर गावात केले.

दीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे कारणही त्यांनी त्याच भाषणात दिले. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणारे लोक नाग होते, आणि हा मुलूख त्यांचा, असे ते म्हणाले. त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीची टेकडी उकरली गेली आणि मुचलिंद नाग, नाग नावाचा विद्वान, विसमितेचे दान हे सगळे मातीतून वर आले. यावरून इतिहासाचा एखादा सिद्धान्त सिद्ध होतो असे मी म्हणत नाही; ते काम विद्वानांचे आहे. पण दीक्षा घेतलेल्या माणसाच्या मुलाने आपल्याच तालुक्यात हे दगड पाहिले तेव्हा त्याला काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकतो. आज रुयाड-सिंदपुरीच्या महासमाधीभूमी महास्तूपाला जाणारे लोक पवनीवरून जातात. त्यांच्यापैकी अनेकांना जगन्नाथ टेकडी ठाऊक नसते. हे पुस्तक वाचून त्यांच्यातले काही जण वाट वाकडी करून टेकडीकडे वळले तर मला फार आनंद होईल.

जाईबाई चौधरींवरचे प्रकरण लहान आहे, कारण त्यांच्याविषयी लिहिले गेलेले थोडे आहे. त्या १८९२ साली उमरेडला जन्मल्या. उमरेड म्हणजे आमच्या एसटीचा थांबा. पोटासाठी त्या नागपूर-कामठी अशी ओझी वाहत. एका मिशनरी बाईच्या मदतीने शिक्षण झाले, महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती नोकरी गेली आणि जाईबाई पुन्हा ओझी वाहू लागल्या. गावाच्या भाषेत सांगायचे तर पोरगी लागली होती आणि सुटली. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. गेलेल्या नोकरीच्या जागी दुसरी नोकरी त्यांनी मागितली नाही, जिथून कोणी हाकलणार नाही अशी शाळाच उभी केली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे जाईबाईंसारख्या स्त्रियांची नोंद राहिली. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक बाईने ते पुस्तक वाचावे.

पवनारविषयी मी थोडक्यात लिहिले आहे. विनोबा १९३८ साली तिथे आले. १९५९ साली त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. शेती, स्वयंपाक, छपाई ही कामे तिथल्या बहिणी स्वतः करतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. गृहिणी, आई, सून या ओळखींबाहेर बाईला साधनेचा हक्क आहे, हे तोंडाने म्हणणारे पुष्कळ होते. त्यासाठी जमीन, छापखाना आणि निर्णयाचा अधिकार देणारे फार थोडे. आश्रमातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नाही. संसारात राहणाऱ्या बाईला त्या वाटेचा किती उपयोग, ही माझी शंका प्रकरणात मांडलेली आहे.

एका गोष्टीविषयी मला वाचकांना सावध करायचे आहे. आतली शक्ती, आत्मविश्वास, जीवनाचे ध्येय या शब्दांचा हल्ली मोठा बाजार आहे. फी घेऊन शिबिरे भरतात. तिथे जाऊन आलेली मुले दोन-चार दिवस ताठ चालतात आणि मग पुन्हा तोच प्रश्न समोर येतो, कारण शिबिराने त्यांच्या हाती जुनेच माप दिलेले असते: अधिक पगार, अधिक मोठी गाडी, फक्त आता ते मिळवायचे मनाच्या शक्तीने. मिळाले नाही की दोष त्यांच्याच मनाचा. हे मला क्रूर वाटते.

याची दुसरी बाजू त्याहून घातक आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समाधानाचा उपदेश करणे. वैनगंगेवर पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. गावेच्या गावे उठली. नदीकाठची काळी जमीन, घराच्या दारातली झाडे, पूर्वजांच्या जागा पाण्याखाली गेल्या. मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. अशा उठवल्या गेलेल्या माणसाला जर कोणी सांगितले की संपत्ती नश्वर आहे, सुख मनात असते, तर तो अध्यात्म सांगत नाही, सरकारी कामचुकारपणावर पांघरूण घालतो. बाबासाहेबांनी धम्म दिला म्हणून हक्कांसाठीचा लढा सोडला नाही. जाईबाई शाळा काढून थांबल्या नाहीत, महिला परिषदेत वेगळ्या पंगतीला बसवले गेले तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला. हक्क मागणे आणि अंतरीचे सामर्थ्य यांत विरोध मानणारी शिकवण मला मान्य नाही, आणि या पुस्तकात ती कुठेही सापडणार नाही.

मग ज्याला 'लागला का' विचारले जाते त्या मुलाला या पुस्तकातून काय मिळेल? नोकरी मिळणार नाही. परीक्षेची तयारी सोड, असेही मी त्याला सांगणार नाही. मला एवढेच वाटते की आजीला दवाखान्यात नेताना आणि शेजारच्या पोरांना गणित शिकवताना तो जे देतो आहे, ते त्याने स्वतःच्या हिशेबात धरायला सुरुवात करावी. ज्यांची मी चरित्रे लिहिली ती माणसे आधी मोठी झाली आणि मग द्यायला लागली, असा क्रम मला एकाही ठिकाणी आढळला नाही. जाईबाईंनी शाळा काढली तेव्हा त्यांच्या नावावर एक गेलेली नोकरी होती. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा त्यांच्या नावावर दोन पराभव होते. पवनीच्या कठड्यावरच्या बहुतेक दात्यांच्या नावावर तर, आपल्याला दिसते तेवढ्यापुरते, त्या एका दगडापलीकडे काहीच नाही.

पुस्तकातल्या उणिवा मला ठाऊक आहेत. कोष्टी समाजाच्या विणकरांवर एक स्वतंत्र प्रकरण हवे होते. पवनीचे रेशीमकाठी कापड एके काळी नावाजलेले होते, आणि ते माग थांबल्यावर त्या घरांनी स्वतःची किंमत कशात शोधली, हा याच विषयाचा भाग आहे. त्यासाठी लागणाऱ्या मुलाखती अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, म्हणून ते पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवले आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. १९५४ च्या निवडणुकीचे आकडे सरकारी कागदात मिळतात. ती निवडणूक गावात कशी झाली, सभेला कोण कसे गेले, दुसऱ्या मताविषयी काय बोलणे झाले, १९५६ साली कोणत्या गावातून किती बैलगाड्या निघाल्या, घरातले देव नदीत सोडताना कोण रडले, हे कागदात नाही. त्या वेळी मतदानाचे वय २१ होते, म्हणजे त्या दिवशीचा सर्वांत तरुण मतदारही आज नव्वदी ओलांडून गेलेला आहे. भंडारा जिल्ह्यात तुमच्या घरी, वस्तीत, नात्यात असे कोणी हयात असेल तर पुढचे प्रकरण नंतर वाचा. आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, त्यांना विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह लिहून ठेवा.